बेसाल्ट पेल्यात उतरत नाही

नाशिकच्या वाइनमध्ये सह्याद्रीचा कातळ चाखायला मिळतो, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या एका लेखकमहाशयांचं म्हणणं थोडक्यात असं: इथला बेसाल्ट कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्यात लोह आणि मॅग्नेशियम मुबलक. मुळं ते शोषतात, द्राक्षात साठवतात. म्हणून दिंडोरीच्या शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनला खनिज चव. यातलं कातळापुरतं तेवढं खरं.

लोहाचंच घ्या. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोहाला तोटा नाही. तरीही अशा बागेत कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बागायतदार लांबूनच ओळखतो: लोहाची कमतरता. चुनखडीमुळे सामू ८ च्या आसपास गेला की लोह विरघळत नाही, मुळांना ते उचलता येत नाही. मग फेरस सल्फेट फवारावं लागतं. माती परीक्षणावर न थांबता देठ परीक्षण करतात ते याचसाठी. लेखकमहाशयांनी मे-जूनमध्ये अशी एक बाग पाहिली असती, तर त्या पिवळ्या पानांनीच त्यांना उत्तर दिलं असतं. बरं, लोह पोचलंच तर? वाइनमध्ये ते लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम असतं, त्यातलंही काही धुळीतून आणि यंत्रांतून आलेलं. प्रमाण वाढलं तर वाइन गढुळते आणि ते काढून टाकायची धावपळ होते. ज्याचे गोडवे गायले जातात, ते लोह वायनरीत दोष ठरतं.

पोटॅशियम मात्र लिटरमागे साधारण १ ग्रॅम भरतं. पण त्यात ठिबकमधून सोडलेल्या ०:०:५० या पोटॅशच्या खताचाही वाटा असतो, आणि वेल ते किती उचलणार हे बऱ्याच अंशी खुंटावर, म्हणजे डॉगरिज आहे की ११० आर यावर ठरतं.

फ्रान्समधल्या शॅब्लीबद्दलही हाच जुना दावा: जमिनीत शिंपल्यांचे जीवाश्म, म्हणून वाइनमध्ये समुद्र. शिंपल्याच्या चुन्याला वास नसतो. गारगोटी घासल्यासारखा जो वास येतो, तो बहुतांशी किण्वनात तयार होणाऱ्या गंधकाच्या संयुगांचा.

मग जमिनीला काहीच श्रेय नाही? आहे, पण ते पाण्याच्या वाटेनं येतं. मुरमाड उतारावर निचरा होतो, वेल आटोपशीर राहते, घडांना ऊन लागतं. भारी जमिनीत ओल टिकते, पानांचा पसारा माजतो, घड सावलीत राहतात. त्यात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी (फळ) छाटणीमुळे फळ थंड रात्रींत पिकतं आणि आम्ल टिकतं. जिभेवरची ती तरतरी बरीचशी या आम्लाची.

पाहुण्यांना बेसाल्टचा तुकडा दाखवण्यापेक्षा एकाच बागेतल्या मुरमाड आणि भारी पट्ट्यांची वाइन वेगळी करून दोन पेल्यांत शेजारी ठेवावी, आणि सोबत दोन्ही पट्ट्यांच्या छाटणीच्या तारखा व पाण्याच्या पाळ्या लिहून द्याव्यात.