विश्लेषण : एचआयव्हीसह जगणाऱ्या ज्येष्ठांची झोप का उडते? झोपेची गोळी कितपत सुरक्षित?

देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून एआरटी औषधे मोफत मिळू लागली. तेव्हा चाळिशीत असलेले अनेक रुग्ण आज साठीच्या घरात आहेत. विषाणू आटोक्यात आहे. पण वयाबरोबर आलेली नवी दुखणी सोबतीला आहेत. त्यातलेच एक सहज दुर्लक्षित होणारे दुखणे म्हणजे निद्रानाश.

झोप उडण्याची कारणे कोणती?

कारण क्वचितच एक असते. वाढते वय, नैराश्य, मधुमेह, रात्री लघवीला उठावे लागणे, स्लीप अॅप्निया आणि आजार लपवून जगण्याचा ताण, यांची सरमिसळ असते. कधी औषधही कारणीभूत ठरते. पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या एफाविरेन्झमुळे अनेकांना विचित्र स्वप्ने पडत. आता पहिल्या फळीतील टीएलडी गोळीत डोल्युटेग्राविर असते. त्यानेही काहींची झोप उडते. अशा वेळी डॉक्टरांना विचारून गोळी रात्रीऐवजी सकाळी घेतल्यास फरक पडू शकतो. मात्र, झोपेसाठी एआरटी परस्पर थांबवल्यास विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधांना दाद न देण्याचा धोका निर्माण होतो.

झोपेच्या गोळीत धोका काय?

अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्यांनी ज्येष्ठांचा तोल जाणे, पडणे, गोंधळल्यासारखे होणे असे प्रकार घडतात. टीएलडीतील टेनोफोविरमुळे हाडांची घनता घटू शकते. त्यामुळे पडणे अधिकच महागात पडते. दुसऱ्या फळीच्या उपचारांत वापरले जाणारे रिटोनाविर यकृतातील औषध-विघटनाची प्रक्रिया मंदावते. परिणामी अल्प्राझोलाम शरीरात जास्त काळ रेंगाळते. रिटोनाविरसोबत ट्रायझोलाम किंवा तोंडावाटे मिडाझोलाम देणे तर निषिद्धच आहे.

मग पहिला उपाय कोणता?

‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाशासाठी सीबीटी-आय ही वर्तनोपचार पद्धत पहिला उपाय म्हणून सुचवली. ही शिफारस ज्येष्ठांनाही लागू आहे. रोज एकाच वेळी उठणे, झोप आली तरच अंथरुणात जाणे, झोप लागली नाही तर उठून बसणे आणि ‘आज झोप लागणारच नाही’ ही धास्ती कमी करणे, हा तिचा गाभा. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. अडचण अशी, की प्रशिक्षित समुपदेशक मोजके आहेत.

रुग्णांनी काय करावे?

खरी गफलत माहितीच्या तुटवड्यातून होते. कलंकाच्या भीतीने फॅमिली डॉक्टरला एचआयव्हीविषयी सांगितले जात नाही आणि एआरटी केंद्राला झोपेच्या गोळीविषयी. निदान दुसरी बाजू तरी सहज सुधारता येते. एआरटी केंद्राला आजार आधीच ठाऊक असतो. त्यामुळे घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे तिथे नेऊन दाखवावीत. झोपेची गोळी आधीपासून सुरू असेल, तर ती एकदम बंद करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी. एचआयव्हीविषयक माहितीसाठी १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत उपलब्ध आहे.