फुगे लावले, पण शाळा राहणार का?

परवा एका वाडीवरच्या झेडपी शाळेत प्रवेशोत्सवाला गेलो होतो. फुगे, गुलाबाची फुलं, नवी पुस्तकं. पोरं एकूण ११.

२० पेक्षा कमी पटाच्या शाळांची ‘समूह शाळा’ करायचे प्रस्ताव सरकारने २०२३ मध्ये मागवले, तेव्हापासून तिथे धाकधूक आहे. मोठ्या शाळेत शिक्षक, खेळगडी जास्त मिळतील, मान्य. पण शिक्षण हक्काच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी. मधल्या ओढ्याला पाणी आलं की पोरं जाणार कशी? आधी मुलीच घरी बसतील.

आधी पूल आणि गाडी, मग शाळा हलवा. पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा आणि हे इतिवृत्तात लिहून घ्या. नुसतं बोलून भागत नाही.