भाड्याच्या खोलीचा कागद



शहरात खोली मिळाली की आपल्यातील पुष्कळ कुटुंबे घरमालकाचे उपकार मानतात व कागदाची गोष्टच काढीत नाहीत. आडनाव ऐकून चार दारे बंद झालेली असतात. पाचवे उघडले, आता मालकाला कशाला दुखवा! ही भीती निराधार आहे असे कोण म्हणेल? १९१७ साली, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यातील पारशी विश्रामगृहातून काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. परंतु त्या काळी दाद मागावयास कायदा नव्हता. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्यास मज्जाव करणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे.

मग कागद मागण्यात संकोच कसला? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचे कलम ५५ आपण अवश्य वाचावे. जागा भाड्याने द्यावयाची असो की ‘लिव्ह अँड लायसन्स’ने, करार लेखी हवा आणि नोंदलेलाच हवा. अकरा महिन्यांच्या कागदास नोंदणी लागत नाही, ही समजूत खोटी आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. त्याने ती टाळली, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आणि मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तेव्हा कागद मागणारा उद्धट नव्हे.

पण कागद झाला म्हणजे आपण निर्धास्त झालो, असेही समजू नका. लिव्ह अँड लायसन्सने आपण भाडेकरू होत नाही. केवळ परवानगीने राहणारे ठरतो. भाडेकरू रीतसर भाडे देत राहिला व अटी पाळल्या, तर कलम १५ त्याच्या पाठीशी उभे राहते. परवानाधारकाने मुदत संपताच जागा सोडावयाची. न सोडल्यास कलम २४ प्रमाणे ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई त्याच्या माथी बसते. शिवाय त्या लेखी करारात जे नमूद असेल तोच निर्णायक पुरावा. ‘राहा हो, पुढचे पुढे पाहू’ हे मालकाचे गोड बोलणे तेथे उपयोगी पडत नाही.

म्हणून सही करण्यापूर्वी मुदत, दरमहाची रक्कम व अनामत परत करण्याची अट घरातील शिकलेल्या मुलीकडून वा मुलाकडून मोठ्याने वाचवून घ्या. नोंदलेल्या कराराची प्रत आपल्या पेटीत असू द्या. आणि भाडे हातावर ठेवले की पावती मागा. कलम ३१ अन्वये ती देणे मालकास भाग आहे.