शिकाऊ परिचारिकेचा गुन्हा

रात्रपाळीला सलाईन बदलणारी विद्यार्थिनी शिकत आहे की राबत आहे, हा प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांना पडत नाही. त्यांच्या लेखी ती ‘सिस्टर’च असते. प्रश्न उद्भवतो तो चूक झाल्यावर. मग जो तो सांगू लागतो की, तिने विचारावयास हवे होते. विचारावयाचे कोणाला? भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. कागदोपत्री तो असतोही. अनेक ठिकाणी मात्र शिक्षिका हजेरी घेऊन व्याख्यानाला निघून जाते, आणि भरलेला वॉर्ड एकटीने सांभाळणारी अधिपरिचारिका नाइलाजाने विद्यार्थिनीच्या हाती सिरिंज देते.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने या विद्यार्थिनीची स्थिती अधिकच बिकट केली आहे. जुन्या दंडसंहितेच्या कलम 304-अ खाली निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास कोणालाही कमाल दोन वर्षे कारावास होता. नव्या कलम 106 ने ती मर्यादा पाच वर्षांवर नेली. उपचार करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांसाठी मात्र दोनच वर्षे ठेवली. ही व्याख्या डॉक्टरांपुरती आहे. तीत परिचारिका नाही. जिचे नाव अद्याप कोणत्याच नोंदवहीत चढलेले नाही, ती विद्यार्थिनी तर नाहीच नाही. म्हणजे एकाच खाटेपाशी घडलेल्या चुकीसाठी औषध लिहिणाऱ्यास दोन वर्षे आणि टोचणारीस पाच! डॉक्टरांच्या संघटना बलवान आहेत, त्यांनी आपले साधून घेतले. त्यात त्यांचे काही चुकले असे नव्हे. शिकाऊ मुलींसाठी बोलणारे संसदेत कोण होते?

वास्तविक ग्राहक न्यायाने योग्य दिशा केव्हाच दाखविली आहे. दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज रुग्णालयात परिचारिकेने दिलेल्या चुकीच्या इंजेक्शनमुळे एका बालकाच्या मेंदूला कायमची इजा झाली. ती परिचारिका पात्रताधारक नव्हती. 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयालाच जबाबदार धरले आणि बालकास 12.5 लाख व आईवडिलांस 5 लाख रुपयांची भरपाई कायम केली. अपात्र हाती काम सोपविणारा उत्तरदायी ठरतो, तर अर्धशिक्षित हाती सोपविणारा का ठरू नये?

कलम 106 मधील सवलत परिचारिका व विद्यार्थिनींना लागू झाली पाहिजे. प्रत्येक पाळीच्या पर्यवेक्षिकेचे नाव वॉर्डाच्या नोंदवहीत लिहिले जावे, आणि महाविद्यालय व रुग्णालय यांच्या करारात दायित्व स्पष्ट असावे. मुख्य म्हणजे, विद्यार्थिनींना मनुष्यबळात धरणे थांबवावे. खर्च वाढेल, असे संस्थाचालक म्हणतील. वाढेलच, रिक्त पदे भरावी लागतील, आणि ती तर एरवीही भरावयाचीच आहेत.