गुणपत्रिकेत एक रकाना राहिला

"सर, आम्ही पीत नाही, टेस्ट करतो."

माझे जुने विद्यार्थी आता पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत नोकऱ्या करतात. त्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत. गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकले. दर वेळी ते हसत सांगितले गेले, पण त्यामागे एक दावा असतो. दावा असा की शनिवारी रात्री फ्लॅटवर चार मित्र जमवून, सहा प्रकारच्या क्राफ्ट बिअर मांडून, ग्लासमागे पांढरा कागद धरून रंग पाहणे, फेस किती वेळ टिकतो ते मोजणे, नाकाने हुंगणे, एक घोट घेणे आणि मोबाइलवर गुण देणे, हे दारू पिणे नाही. ही रसिकता आहे, अभ्यास आहे. देशी दारूच्या दुकानासमोर झिंगून पडलेल्या माणसाशी तिचा काही संबंध नाही.

हा दावा मला मान्य नाही. का नाही, ते सांगतो.

पहिला आक्षेप मीच नोंदवून टाकतो. "तुम्ही मुसलमान, कधी थेंब चाखला नाही, तुम्हाला यातले काय कळणार?" बरोबर आहे, चव मला ठाऊक नाही. पण मी वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासतो आहे. गुण कसे देतात, कशाला देतात आणि गुणपत्रिकेतून काय हळूच वगळले जाते, हे मला नक्की कळते. तेवढ्यापुरतेच बोलतो.

या छंदाबद्दल आधी चांगले बोलू. तो तक्रारीतून जन्मला आणि तक्रार खरी होती. अमेरिकेत मूठभर मोठ्या कंपन्यांनी बिअर म्हणजे एकच एक पिवळे, पातळ, थंडगार पेय करून टाकले होते. १९७७ मध्ये मायकल जॅक्सन नावाच्या इंग्रज पत्रकाराने (गायक नव्हे, दुसरा) जगभरच्या बिअरची शैलीवार ओळख करून देणारे पुस्तक लिहिले. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने घरी बिअर गाळायला संघराज्याच्या पातळीवर मोकळीक मिळाली. छोटे कारखाने उभे राहिले. ही लाट आपल्याकडे २००९ मध्ये पुण्यात डूलालीच्या रूपाने आली. जव भिजवून मोड आणणे, ते भाजणे, हॉप्सचा कडूपणा किती ठेवायचा, कोणते यीस्ट केळ्यालवंगेचा वास देते, ही सगळी खरी कारागिरी आहे. कारागिराची मेहनत मी नाकारत नाही. माझे भांडण गुणपत्रिकेशी आहे.

बिअरच्या परीक्षकांसाठी अमेरिकेत १९८५ पासून एक कार्यक्रम चालतो, बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम. त्याची गुणपत्रिका पन्नास गुणांची आहे. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या घट्टपणाला ५ आणि एकूण प्रभावाला १०. घरी गुण देणारे बहुतेक जण याच साच्याची सोपी आवृत्ती वापरतात. यात अल्कोहोल कुठे आहे? आहे, उल्लेख आहे. घशाला जाणवणारी ऊब म्हणून. जो पदार्थ डोक्यात जातो, यकृतात जातो, गाडीच्या स्टेअरिंगवर जातो, तो या कागदावर फक्त घशापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो.

आता "टेस्ट" या शब्दाकडे या. चहाच्या लिलावात चव पाहणारा माणूस दिवसाला शेकडो कप चाखतो आणि थुंकतो. वाइनचे परीक्षक थुंकतात, त्यासाठी टेबलावर भांडे ठेवलेले असते. बिअरवाले मात्र गिळतात. कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूला, गिळतानाच नीट कळतो, असे ते सांगतात. क्षणभर ते खरे मानू. मग निदान एवढे तरी कबूल करा की ही अशी परीक्षा आहे जिच्यात परीक्षक उत्तरपत्रिका खाऊन टाकतो. गिळलेल्या घोटाला शरीर "टेस्ट" म्हणत नाही.

थोडे गणित करू. ३३० मिलीचा एक कॅन, त्यात ७ टक्के अल्कोहोल, म्हणजे सुमारे १८ ग्रॅम. व्हिस्कीचा ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम. असे चार कॅन दोघांनी निम्मे निम्मे "टेस्ट" केले, तर प्रत्येकाच्या पोटात ३६ ग्रॅम गेले. साडेतीन पेग. साडेतीन पेग घेतलेल्या माणसाला त्याची बायको "टेस्टिंग करून आला" म्हणत नाही. पाच जणांनी एकेक कॅन वाटून घेतला आणि पाच प्रकारांवर थांबले, तर प्रत्येकी एका कॅनइतकेच होते, हेही मान्य. असे करणारे असतील. पण आपल्या घरी त्या रात्री किती कॅन उघडले जातात आणि उरलेली बिअर मोरीत कोण ओततो, हे ज्याचे त्याने आठवावे.

बरे, गुण तरी कशाला मिळतात? इंटरनेटवरच्या बिअर-क्रमवारीच्या याद्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ठाऊक आहे. माथ्यावर वर्षानुवर्षे इम्पीरियल स्टाउट आणि डबल आयपीए असतात, म्हणजे आठ, दहा, बारा टक्क्यांच्या बिअर. चार-साडेचार टक्क्यांची साधी लागर कितीही निगुतीने गाळलेली असो, ती तळाशी. नशेशी आमचा संबंध नाही म्हणणाऱ्यांच्या गुणांचा काटा नेमका नशेच्या दिशेनेच कसा झुकतो? त्याची काही कारणे चवीत असतील, दाट बिअरमध्ये सांगण्यासारखे जास्त असते. पण सगळी कारणे चवीत आहेत, हे मला कुणी पटवून द्यावे.

आणि वही कुणाची? २०१० मध्ये सुरू झालेल्या अनटॅप्ड या अ‍ॅपवर जितक्या जास्त वेगवेगळ्या बिअर नोंदवाल तितके बिल्ले मिळतात. शाळेत आम्ही हजेरीला बक्षीस देतो, इथे पिण्याच्या हजेरीला बक्षीस. रेटबीअर ही २००० सालची गुण देणाऱ्यांची जुनी जागा होती. तिच्यात जगातल्या सर्वात मोठ्या बिअर कंपनीचा पैसा असल्याचे २०१७ मध्ये उघड झाले आणि २०१९ मध्ये ती पूर्णच त्या कंपनीची झाली. मोठ्या कंपन्यांविरुद्धच्या बंडाची गुणवही मोठ्या कंपनीच्याच खिशात गेली. तुमची रसिकता कुणाच्या तरी धंद्याचा कच्चा माल आहे, हे यावरून कळायला हरकत नाही.

आता माझ्या मुसलमान वाचकांसाठी. काही तरुण इंटरनेटवरून एक जुना मुद्दा शोधून आणतात. खम्र म्हणजे द्राक्षांची दारू, बिअर जवाची, म्हणून ती त्यात येत नाही. यासाठी ते इमाम अबू हनीफांचे नाव घेतात. द्राक्षाची दारू आणि इतर धान्या-मधाची पेये यांत फिकहमध्ये असा भेद केला गेला होता, हे खरे. पण हा भेद करणाऱ्यांनीही नशा येण्याइतके पिणे हलाल म्हटले नव्हते. शिवाय त्यांचेच शिष्य इमाम मुहंमद यांनी हे मत नाकारले आणि पुढे हनफी फतवा त्यांच्याच बाजूने गेला, थोडे असो वा फार.

त्याहून महत्त्वाचे असे की बिअरचा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वीच विचारून झालेला आहे. सहाबी अबू मूसा अशअरी यांना यमनला पाठवले जात होते. तिथे मधापासून 'बित' आणि जवापासून 'मिज्र' करत. त्यांनी पैगंबरांना (स.) या दोन्हींबद्दल विचारले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आहे. उत्तराचा रोख पाहा. पेय कशाचे केले, रंग कसा, वास कसा, यावर ते अवलंबून ठेवलेच गेले नाही. नशा आणते ते हराम, एवढाच नियम दिला गेला. प्रश्न पदार्थाचा होता, उत्तर परिणामाचे होते. जो रकाना पन्नास गुणांच्या कागदावर नाही, तोच एकटा रकाना त्या उत्तरात आहे.

इथे कुणीतरी मला टोकणारच. "सर, तुम्ही उर्दू शिकवता. साकी, जाम, मैखाना तुमच्याच शायरीत भरलेले. तुम्ही कोणत्या तोंडाने बोलता?" चांगला प्रश्न आहे. उर्दू गझलेने शराबेचे कौतुक केले, कधी रूपक म्हणून, कधी खरोखरची. गालिब पीत होते आणि लपवत नव्हते. रियाज खैराबादी शराबेच्या शायरीसाठी गाजले आणि त्यांनी आयुष्यात कधी चाखली नाही असे सांगतात. पण गझलेने एक लबाडी कधी केली नाही. तिने नशेला नशाच म्हटले. मस्ती, बेखुदी, होश हरपणे, हे तिचे शब्द आहेत. "मी संत्र्याच्या सालीच्या सुगंधासाठी पितो" असे कोणत्या शायराने म्हटले? आणि किंमतही तिने दडवली नाही. १९५५ च्या डिसेंबरात लखनौमध्ये मजाज पिऊन उघड्या गच्चीवर थंडीत पडून राहिले आणि त्यातच गेले. उर्दू वाचणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते.

मराठीलाही हे नवे नाही. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला सुधाकर अडाणी मजूर नाही, शिकलेला वकील आहे. त्याच नाटकात तळीराम आणि मंडळींचे आर्य मदिरा मंडळ आहे, जिथे पिणे ही सभ्य, सुसंस्कृत, जवळजवळ सामाजिक कार्याची गोष्ट ठरते. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, एवढाच फरक.

या सगळ्यात मला खरा राग येतो तो शब्दांच्या वाटपाचा. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसे मेली. बहुतेक गरीब, हातावर पोट असलेली. त्यांना आपण काय म्हटले? दारुडे, बेवडे. हातभट्टीवर धाड पडते, बाईचे पिंप फोडले जाते, वर्तमानपत्रात फोटो येतो. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि तो आजही लागू आहे. कायद्याने पिणाऱ्याला परवाना लागतो. फ्लॅटवर बिअरला गुण देणाऱ्या किती जणांच्या खिशात तो असतो? त्यांच्या दारावर धाड पडावी असे मी म्हणत नाही. दोघांच्या शरीरात जाणारा रेणू एकच आहे, मग एकाला रसिक आणि दुसऱ्याला बेवडा का, एवढेच विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच दारूला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. २०२३ च्या जानेवारीत त्याच संघटनेने सांगितले की आरोग्याला निर्धोक असे दारूचे कोणतेच प्रमाण नाही. या दोन्ही वाक्यांत क्राफ्टला सूट नाही.

आणि आपल्या मोहल्ल्याने हे वाचून मान डोलवू नये. जुम्म्याच्या बयानात दारूवर कडक बोलायचे, पण कोणत्या घरातला मुलगा काय करतो हे सगळ्यांना ठाऊक असूनही त्याच्या लग्नात गप्प बसायचे, कारण तो चांगल्या पगाराचा. तोच मुलगा रिक्षावाला असता तर त्याची कथा चौकाचौकात झाली असती. पगार पाहून हराम सौम्य करणे आणि बाटलीवरचे लेबल पाहून दारूला रसिकता म्हणणे, ही एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत. व्यसनात अडकलेल्या माणसाला आधी उपचार आणि आधार लागतो, थुंकणारे शेजारी लागत नाहीत. हे आपण मशिदीतून कधी सांगितले?

मी दारूबंदी मागत नाही. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली. बंदीवर भांडायला दुसरे लेख आहेत. माझ्यासाठी हे हराम आहे, तुमच्यासाठी कायद्याच्या चौकटीत तो तुमचा निर्णय आहे. मी मागतो ती फक्त प्रामाणिक गुणपत्रिका. वास, रूप, चव, सगळे ठेवा. खाली एक रकाना वाढवा. आज एकूण किती ग्रॅम अल्कोहोल पोटात गेले? घरी कोण वाट पाहत होते? परत जाताना गाडी कुणी चालवली? सकाळी मुलाला शाळेत कुणी सोडले? हा रकाना दर शनिवारी न चुकता, न लाजता भरा, वर्षभर. मग त्याची बेरीज करा आणि ती बेरीज पाहून ठरवा की तुम्ही चाखता की पिता.