गॅसची व्हॅन की डिझेलची ट्रॅव्हलर?

लखनौच्या आलमबागहून एका वाचक ताईंचे पत्र आले आहे. यजमान रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाले, फंडाचे पैसे हाती आले आणि आता त्यांनी मनावर घेतले आहे, की एक जुनी मोठी गाडी घ्यायची, आत झोपण्याची सोय करायची आणि नातवंडांना घेऊन पंढरपूर, कोल्हापूर, जमल्यास कोकणही करून यायचे. दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. एक डिझेलची टेम्पो ट्रॅव्हलर, दुसरी सीएनजीची मारुती ईको. यजमान डिझेलच्या बाजूचे, मुलगा गॅसच्या. त्यात अमेरिकेतल्या भाच्यानेही फोनवर 'गॅसच घ्या' म्हणून सांगितले आहे.

आधी या भाच्याचे मत बाजूला ठेवू या. अमेरिकेत 'गॅस' म्हणजे पेट्रोल. तिकडे घरासारख्या मोठ्या मोटारी पेट्रोलच्याही मिळतात आणि डिझेलच्याही, त्यामुळे वर्षाकाठी थोडेच फिरणाऱ्याने स्वस्तातली पेट्रोलची घ्यावी, हा सल्ला तिथे रास्त आहे. आपल्याकडे मात्र ट्रॅव्हलरच्या मापाची जुनी गाडी घ्यायची म्हटले, तर ती जवळजवळ नेहमी डिझेलचीच मिळणार. म्हणजे तुमच्यापुढचा प्रश्न इंधनाचा दिसत असला, तरी खरे पाहता तो गाडीच्या आकाराचा आहे.

आता हिशेब करू. लखनौहून पंढरपूर आणि कोकण करून परतायचे, म्हणजे फिरण्यासकट तीन हजार किलोमीटर सहज होतात. अशा वर्षाला दोन सहली धरू, म्हणजे सहा हजार. जुनी ट्रॅव्हलर लिटरला दहा किलोमीटर देते असे धरले आणि डिझेल ८८ रुपये, तर ५२,८०० रुपये. ईको पेट्रोलवर चौदा देते असे धरून, पेट्रोल ९५ रुपयांनी, सुमारे ४०,७००. तीच सीएनजीवर किलोला एकोणीस किलोमीटर आणि किलोचा दर ९५ धरला, तर ३०,०००. 'डिझेल स्वस्त पडते' हे आपल्या मनात पक्के बसलेले वाक्य २०१२ च्या सुमाराचे आहे. तेव्हा दोन्ही इंधनांच्या दरात लिटरमागे वीस रुपयांहून अधिक अंतर होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे दर खुले केले आणि हे अंतर आटले. २०२५ साली लखनौत ते सात रुपयांच्या आसपास होते. सहाशे लिटरांवर सात रुपये म्हणजे ४,२०० रुपये. जुन्या डिझेल इंजिनाचे एक इंजेक्टर बिघडले, की ही बचत एका दुपारीत संपते.

मग सीएनजी घ्यावी का? शहरात रोज धावणाऱ्याला ती उत्तमच. आलमबागच्या चौकात पूर्वी काळा धूर ओकणारे विक्रम टेम्पो ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पण लांबच्या सहलीत तिचे तोटे कळतात. गॅसवर इंजिनाची ताकद दहा-बारा टक्के कमी होते, हे सामानाने भरलेल्या गाडीला घाटात जाणवते. पंपावरची रांग वेगळीच. पेट्रोलची टाकी जोडीला असते म्हणून अडून मात्र राहत नाही. मुख्य अडचण आहे ती सिलिंडरची. सामानाची जागा तो खातो, आणि ताईंना आत अंथरूण घालायचे आहे! ईकोत दोन माणसे पाय दुमडून झोपतील. यजमान, तुम्ही, मुलगा, सून आणि दोन नातवंडे हे काही तिथे मावत नाही. सहा जण जाणार असाल तर ईकोने जा, पण मुक्काम धर्मशाळेत किंवा भक्तनिवासात करा.

ट्रॅव्हलरचे गुण वेगळे आहेत. पुण्याच्या आकुर्डीची ही कंपनी पूर्वी बजाज टेम्पो म्हणून ओळखली जाई, आता फोर्स मोटर्स. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरही जोर लावते, म्हणून भरलेली गाडी चढावर कुरकुरत नाही. जुन्या पद्धतीच्या साध्या पंपाचे इंजिन ट्रान्सपोर्ट नगरातला कुणीही हुशार मिस्त्री उघडू शकतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांचे मात्र तसे नाही. त्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी मधूनमधून लांब आणि वेगात पळावी लागते. नुसती भाजी आणायला आणि शाळेत सोडायला वापरली, तर ती तुंबते आणि खर्च मोठा येतो.

लखनौच्या बाजारात आणखी एक मोह आहे, आणि यजमानांना तो पडला असावा, असे किमतीवरून वाटते. दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना राजधानी परिसरात मनाई करणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केला. २०२५ मध्ये त्यात काहीशी ढील मिळाली, पण त्याआधीच अशा असंख्य गाड्या ना-हरकत दाखला घेऊन बाहेरच्या शहरांत विकल्या गेल्या. लखनौ त्या परिसरात येत नाही, त्यामुळे इथे गाडी चालवता येते. पण नोएडा, गाझियाबाद, मेरठ तिच्यातच मोडतात, म्हणून तिकडे नातेवाईक असतील तर आधी विचार करा. दाखला, चासी क्रमांक, बाकी कर आणि बँकेचा बोजा उतरल्याचा कागद पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. ट्रॅव्हलर बहुधा पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याची असते. ती खासगी करून घ्यायला परिवहन कार्यालयात खेटे घालावे लागतात. आसने काढून पलंग बसवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालचा बदल आहे. त्याची परवानगी घेतली नाही, तर अपघातानंतर विमा कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते. सीएनजीचेही तसेच. संच कारखान्यातून आलेला आहे की नंतर बसवलेला, तो नोंदणीपुस्तकात चढला आहे का, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची दाब-चाचणी झाली आहे का, हे बघा.

गाडी पाहायला सकाळी जा, आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर मालकाने तुम्ही येण्यापूर्वी इंजिन चालवून ठेवले आहे. थंड इंजिन चालू करायला लावा. जानेवारीच्या लखनौत तर डिझेलची खरी परीक्षा होते, हीटर प्लग गेलेले असतील तर ती खोकत बसते. निळा धूर म्हणजे इंजिन तेल खाते. चालू इंजिनाचे तेलाचे झाकण सैल करून उलटे ठेवा. ते उडून पडू लागले, तर इंजिन आतून झिजले आहे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बसून राहिलेल्या गाडीचे टायर वरून नवे दिसतात आणि आतून तडकलेले असतात.

ताई, माझे मत विचाराल तर यजमानांनी दर वर्षी दोन सहली करायच्या ठरवल्या असतील आणि खरोखर गाडीतच झोपायचे असेल, तरच ट्रॅव्हलर घ्यावी. तीही उत्तर प्रदेशातच नोंदलेली आणि साध्या इंजिनाची. फंडाच्या रकमेतला निम्म्याहून अधिक भाग तिच्यात घालू नये. नाहीतर मुलाची ईको बरी. कोणतीही घेतलीत, तरी रात्री थंडी वा उकाडा आहे म्हणून इंजिन चालू ठेवून आत झोपू नका, धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. आणि स्वयंपाक गाडीबाहेर, झाडाखाली करा. घरचा सिलिंडर तर सोबत घेऊच नका.