हरियलला दाणे नकोत, वड हवेत

2025 च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबई ढवळून निघाली. न्यायालय, महापालिका, श्वसनाचे विकार, भूतदया, आंदोलनं असं सगळं झालं. त्याच कबुतरांच्या कुळातला हरियल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. त्याच्या पोटापाण्याची चौकशी मात्र या गदारोळात कुठे ऐकू आली नाही. शहरातला पारवा कोणी दाणे टाकले नाहीत तरी इमारतीच्या वळचणीला राहून निभावून नेतो. हरियलचं तसं नाही. तो पिकल्या फळांवर जगतो, आणि त्याची फळझाडं रस्त्यांच्या रुंदीकरणात एकामागून एक आडवी होत आहेत.

फळांनी लगडलेल्या वडाखाली पहाटे उभं राहिलं तर आधी पानंच दिसतात. मग एखादं पान सरकतं आणि त्याची पिवळीधमक पावलं दिसतात. राखी डोकं, हिरवट पिवळी छाती, खांद्यावर फिकट जांभळा डाग. पोपटासारखा डहाळीला उलटा लटकून हा पक्षी फळ तोडतो आणि अख्खं गिळतो. एक दिसला की दहा दिसू लागतात. जरा चाहूल लागली की पंखांचा फडफडाट करत सगळा थवा एका झटक्यात उडून जातो. ऊन वर येईपर्यंत हेच थवे निष्पर्ण शेंड्यांवर अंग शेकत बसलेले असतात.

हरियल जंगलं लावतो, असं कौतुकाने सांगितलं जातं. ते पुरतं खरं नाही. हरियलच्या गटातल्या कबुतरांची पेषणी मजबूत असते. गिळलेल्या खड्यांच्या मदतीने ती वड-उंबराचं बारीक बी बहुतेक भरडून टाकते. बी पेरण्याचं काम त्याची मोठी भावंडं करतात. इंपीरियल पिजन नावाने ओळखली जाणारी ही धिप्पाड रानकबुतरं सह्याद्रीपासून इंडोनेशियापर्यंत आढळतात. जबडा ताणून ती मोठाली फळं गिळतात, गर पचवतात आणि बी शाबूत बाहेर टाकतात. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी बांदा बेटांवर असं एक कबुतर पाहिलं होतं. ते जायपत्री पचवून जायफळ जसंच्या तसं टाकतं, अशी नोंद त्यांच्या 1869 च्या पुस्तकात आहे. जायफळाच्या कुळातली झाडं सिंधुदुर्गातही आहेत. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथली कानळाची राई त्यांच्यासाठीच जैवविविधता वारसास्थळ ठरली.

मग बी न पेरणाऱ्या हरियलला जपायचं कशासाठी? प्रत्येक पाखराकडून कामाचा हिशेब मागणं मुळातच चूक आहे. तो इथला आहे, इथल्या झाडांवर पोसलेला आहे, एवढं पुरेसं आहे. शिवाय हरियलला जे झाड लागतं तेच तांबटाला, बुलबुलाला, धनेशाला, वटवाघळाला आणि वानरालाही लागतं.

या झाडांचं गणित समजून घ्यायला हवं. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांच्या फुलांचं परागीकरण इवल्याशा गांधीलमाशा करतात, आणि बहुधा प्रत्येक जातीच्या झाडाची माशी वेगळी असते. ही माशी जेमतेम एक-दोन दिवस जगते. तेवढ्यात तिला त्याच जातीचं दुसरं योग्य अवस्थेतलं झाड गाठावं लागतं. म्हणून एका जातीची सगळी झाडं एकाच वेळी फळत नाहीत. या वाडीतला वड आज, त्या वाडीतला दोन महिन्यांनी, असं वर्षभर चालू राहतं. बाकी रान सुकलेलं असतानाही एखाद्या वडावर गावजेवण उठत असतं. पण परिसरात झाडं पुरेशी असतील तरच हे जमतं. मधली झाडं तुटली की साखळी तुटते. पाखरं उपाशी राहतात, आणि उरलेलं एकटं झाडही हळूहळू निरुपयोगी होतं.

शहरी भागासाठीच्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरचं झाड ‘हेरिटेज’ ठरलं, आणि ते तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपं लावणं बंधनकारक झालं. चांगलंच झालं. पण शंभर वर्षांच्या वडाबदली लावलेल्या शंभर रोपांत वड किती, हे कोण विचारतो? सोनमोहर आणि गुलमोहर आकडा भरून काढतील. हरियलचं पोट त्यांनी भरत नाही.

वडा-पिंपळाची मुळं भिंती फोडतात, म्हणून ती नको असतात. हा आक्षेप खरा आहे, पण तो इमारतींपुरताच. टेकड्या, गायरानं, तलावांचे काठ, मोठी मैदानं, देवळांची आवारं यांना ही अडचण नाही. वडाची जाडजूड फांदी पावसाळ्यात रोवली तरी मूळ धरते, त्यामुळे रोपवाटिकेत रोपं नाहीत ही सबबही टिकत नाही. रस्त्याचा आराखडाही बदलता येतो. 2020 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा जुना वड महामार्गाच्या आड आला, तेव्हा लोक उभे राहिले आणि रस्ता वळवावा लागला. पुढे तो वड कोसळला, पण आराखड्यातली रेघ हलते हे तिथे सिद्ध झालं.

म्हणून मागणी साधी आहे. महापालिका, नगरपालिका आणि महामार्ग विभागांनी भरपाईच्या रोपांत वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांचा ठरावीक वाटा सक्तीचा करावा आणि दरवर्षी जातवार यादी लोकांसमोर ठेवावी. मार्च ते जून हा हरियलचा मुख्य विणीचा काळ. काटक्यांच्या विरविरीत घरट्यात त्याची दोनच अंडी असतात. पावसापूर्वीची फांद्यांची छाटणी नेमकी याच दिवसांत जोरात असते. अत्यंत धोकादायक फांद्या वगळता या जुन्या झाडांची छाटणी विणीआधी, फेब्रुवारीतच उरकावी. तिला जादा निधी लागत नाही, फक्त वेळापत्रक बदलावं लागतं.